टाकीला आलेला तांबेरा



आज पिकाचं काही नाही. एका मोटारसायकलच्या टाकीची गोष्ट आहे. लिहायचं कारण एवढंच, की यंदा आमचं घर पेटता पेटता राहिलं, आणि ते माझ्या हातून पेटणार होतं.

भात झोडून कणगीत गेलं, पेंढ्याची उडवी रचली, खाचरात ओलीवर मसूर-हरभरा पेरला की आमच्या वेल्ह्यात दीड-दोन महिने हाताला जरा उसंत मिळते. (कागदावर आता तालुका राजगड झालाय. आमच्या तोंडात अजून वेल्हंच आहे.) या उसंतीत माणूस घरातली राहिलेली कामं काढतो. कुणी कौलं चाळतो, कुणी बांध घालतो. मी आबांची गाडी रंगवायला काढली.

गाडी म्हणजे हिरो होंडा सीडी १००. हे मॉडेल बाजारात आलं १९८५ ला, आमच्याकडं आलं १९९३ ला, दोन गाईंच्या दुधाच्या पैशावर. सत्त्याण्णव सीसीचं इंजिन, आवाज शिवणयंत्रासारखा. मागं दोन बाजूंना दुधाच्या किटल्या आणि पुढं टाकीवर मी. टाकीवर बसून हँडलच्या मधल्या दांडीला धरायचं, वळणावर आबांच्या हाताला डोकं लागायचं, आणि उतरताना चड्डीला पेट्रोलचा वास. पाबे घाटातून पानशेतच्या अंगाला मावशीकडं जाताना ती टाकी उन्हानं अशी तापायची की खाली टॉवेल घडी करून घ्यावा लागे. ज्यांचं लहानपण नव्वदच्या दशकात गावाकडं गेलंय त्यांना हे सांगायला नको.

आबांचे गुडघे गेले तशी गाडी गोठ्याच्या कडेला लागली. चार वर्षं तिथंच होती. मशीन ठणठणीत, रंग मात्र पार उडालेला. आबा तोंडानं काही म्हणत नव्हते, पण येता-जाता सीटवरची धूळ हातानं झटकायचे. मग यंदा ठरवलं. रंग तोच ठेवायचा, लाल. रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करावी लागते, ती कटकट नको. नवीन पद्धतीची नंबरप्लेट तशीही बसवायचीच होती.

नसरापूरच्या बाजूला एक पेंटर आहे, हात चांगला. तो म्हणाला, "आधी चेसिस, मडगार्ड, चिमटा आणून टाका. टाकी आणि साइड पॅनल सगळ्यात शेवटी. टाकी म्हणजे गाडीचं तोंड, ती घाईत करत नाही. संक्रांतीनंतर आणा."

म्हणजे दिवाळीनंतर सोडवलेली टाकी संक्रांतीपर्यंत घरी राहणार. यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेच वाटलं.

टाकीत पेट्रोल होतं साधारण अडीच-तीन लिटर. कॉकची नळी काढली, खाली कॅन लावला, कॉक रिझर्व्हवर केला. पेट्रोल आलं, बारीक झालं, थांबलं. टाकी हलवून बघितली, थोडं खळखळलं. म्हटलं असेल दोन चमचे, जाईल उडून. कॉक बंद केला, वरचं झाकण लावलं आणि टाकी नेऊन ठेवली स्वयंपाकघराच्या माळ्यावर, चुलीच्या वरच्या अंगाला. मनाशी हिशेब साधा होता: वर धुराची ऊब असते, ओल नसते, म्हणजे गंज चढणार नाही. बियाण्याची कणसं आपण तिथंच टांगतो की. शेजारी पावसाळ्यात खाली आणायचा थोडा पेंढा पण होता.

आता हे लिहिताना हात थरथरतोय. तेव्हा टाकी ठेवून मी हात झटकले आणि मसुरीला बघायला गेलो.

संध्याकाळी सहाचा सुमार. थंडीत आमच्याकडं तोरण्याची सावली लवकर पडते, पाचलाच अंधारल्यासारखं होतं. घरात गॅस आहे, पण भाकरी आणि पाणी तापवणं आई चुलीवरच करते. ती बसली, शेणी रचल्या, काडेपेटी हातात घेतली आणि थांबली.

"कसला रं वास?"

मी ओट्यावरनंच म्हणालो, "रॉकेलचा असंल."

"रॉकेल घरात येऊन किती वर्सं झाली? आणि ह्यो रॉकेलचा न्हाई."

खरंच होतं. रेशनचं रॉकेल बंद होऊन जमाना झाला. पण जिचं अर्धं आयुष्य स्टोव्हवर आणि चिमणीवर गेलं, तिच्या नाकाला रॉकेल आणि पेट्रोल यातला फरक कुणी शिकवायला नको. मी अजून बसूनच होतो. आबा मात्र उठले. गुडघ्यांचं कुठं गेलं कुणास ठाऊक. "काडी वढू नगंस!" एवढंच ओरडले. नंतर माझ्याकडं बघून, "टाकी कुठं ठिवलीस?"

मी वर बोट केलं. बोललो नाही, बोट केलं.

माळ्यावर चढलो तेव्हा वर वास जवळजवळ नव्हताच. सगळा खाली, चुलीपाशी. टाकी उतरवून परसात लांब नेली. आईला बाहेर काढलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या. दिव्याचं बटण मी चालू करायला गेलो तर आबांनी मनगट धरलं. बटण दाबताना आत ठिणगी पडते, ती पण पुरते. तासभर आम्ही अंगणात अंधारात बसून होतो. समोर तोरण्यावर कुणीतरी मुक्कामी आलेल्यांची बॅटरी हलत होती. त्या रात्री भाकरी झाल्याच नाहीत. सकाळची शिळी खाल्ली आणि झोपलो. आबा माझ्याशी बोलले नाहीत.

नंतर शांत डोक्यानं विचार केला तेव्हा माझ्या तीन चुका लक्षात आल्या, आणि त्या मी तुम्हाला सांगतो, कारण आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या घरात कुठंतरी असा डबा, असा पंप, अशी टाकी पडलेली असते.

पहिली म्हणजे, टाकी रिकामी झालीच नव्हती. मोटारसायकलची टाकी खालून सपाट नसते. मधून चेसिसचा पाइप जातो, म्हणून ती खोगिरासारखी दोन्ही बाजूंना खाली लोंबते. कॉक एकाच बाजूला. त्या बाजूचं पेट्रोल येतं, दुसऱ्या बाजूच्या पोटात राहतं तसंच. शिवाय कॉकची आतली नळी तळापासून थोडी वर असते. दोन चमचे म्हणत होतो, नंतर टाकी उलटी केली तर पाव लिटर निघालं.

दुसरी चूक झाकणाची. झाकण लावलं म्हणजे टाकी बंद झाली असं मी समजलो. त्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा आत यावी म्हणून कंपनीनंच दिलेलं. गाडी चालताना हवा आत जाते. माळ्यावर ऊब लागली की वाफ बाहेर येते. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती धुरासारखी वर जात नाही. फळीच्या फटीतून पाण्यासारखी खाली उतरते आणि जमिनीलगत साठते. नेमकं जिथं आई काडी ओढते तिथं. गॅसच्या सिलिंडरचं पण असंच असतं, म्हणून तर गॅस गळतोय वाटलं तर खालची हवा मोकळी करायला सांगतात.

तिसरी गोष्ट मला आधी माहीतच नव्हती. भरलेल्या टाकीपेक्षा जवळजवळ रिकामी टाकी जास्त वाईट. हवेत शंभरात साधारण दीड ते साडेसात भाग पेट्रोलची वाफ असेल तरच ती भडकते. त्याहून जास्त असेल तर आतल्या आत पेटायला हवा पुरत नाही. भरल्या टाकीत वाफ एवढी दाट असते की हवेला जागाच नाही. तळाला घोटभर पेट्रोल उरलेली टाकी मात्र हळूहळू सुकत जाते, हवा आत शिरत जाते आणि कधी ना कधी नेमकं ते भडकायचं माप जुळतं. थंडी आहे म्हणून वाफ होणार नाही हेही खोटं. शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपाससुद्धा पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्या वेल्ह्याची थंडी त्याच्यापुढं काहीच नाही.

असो. टाकी गेली गोठ्यात. खुंटीला अडकवली, कॉक काढून पेंटरच्या सांगण्यावरून वेगळा डबीत ठेवला, उलटी करून उरलेलं सगळं काढलं. झाकण लावलं. आता घराला धोका नाही म्हटल्यावर माझ्या डोक्यातून ती निघूनच गेली. या सीडी १०० ची त्या काळी एक इंग्रजी जाहिरात फार गाजली होती, भरा, बंद करा आणि विसरा अशा अर्थाची. मी यातलं शेवटचं तेवढं मनापासून केलं.

आबांनी एकदा म्हटलं होतं. बोलायला लागल्यावर दोन-तीन दिवसांनी. "फाळ ठिवतोस तसं ठिव तिला." नांगराचा फाळ आम्ही पेरणी-लावणी झाली की धुऊन, पुसून, जळकं ऑइल लावून वाशाला टांगतो, हे मला माहीत आहे. पण मी म्हटलं, आबा, तो लोखंडाचा उघडा फाळ, ही बंद टाकी. हिच्या आत कोण जातंय?

संक्रांत झाली. पेंटरचा फोन नाही. माघ उजाडला. एक दिवस त्याचा फोन आला की उद्या टाकी आणा. मी खुंटीवरून काढली, झाकण उघडून मोबाइलची बॅटरी मारली.

आत सगळं तांबडं.

गव्हावर तांबेरा येतो ना, पानाला बोट लावलं की बोटाला पावडर लागते, अगदी तसं. टाकी हलवली तर आत खसखस हलल्यासारखा आवाज. आणि खाली कॉकचं भोक बघितलं तर ते बंद! गच्च मातीनं लिंपलेलं. क्षणभर कळेना की कुणी लिंपलं. मग लक्षात आलं, कुंभारीण माशी. तिला बोटभर रुंदीचं कुठलंही भोक चालतं, पाइप असो, कुलूप असो, नाहीतर भिंतीतला खिळा काढलेला असो. काडीनं कोरलं तर मातीच्या आत चार-पाच कोळी निघाले, मेलेले नाहीत, लुळे. ती कोळ्याला डंख मारून बधिर करते आणि पिल्लांना ताजं खायला मिळावं म्हणून कोंडून ठेवते. शेतात तिचं कौतुक वाटतं. टाकीत नाही वाटलं.

आबा बघायला आले. टाकीत डोकावले, मग माझ्याकडं बघितलं. "आत कोण गेलं मग?" एवढंच विचारलं.

पाणी गेलं होतं. पावसाचा एक थेंब न पडता. हे कसं, ते आपल्याला शेतकरी म्हणून कळायला अवघड नाही. आमच्याकडं थंडीत दुपारी ऊन चटचट लागतं आणि रात्री पार गारठा. गुंजवणीच्या अंगानं धुकं वर सरकतं, पहाटे हरभऱ्याच्या पानांवरून दव निथळतं. दुपारी टाकीतली हवा तापते, फुगते, भोकातून बाहेर जाते. रात्री थंड होते, आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. पत्रा थंड, त्यावर त्या हवेचं दव आतल्या बाजूनं धरतं. रोज एक श्वास. अडीच महिन्यांत पाऊणशे श्वास. त्यात जागा कुठली, तर गोठा. शेण, मूत आणि जनावरांच्या श्वासाची वाफ. माझा नेम असा की एका वाईट जागेवरून उचलून मी ती दुसऱ्या वाईट जागेत टांगली.

आणि एक. पेट्रोल होतं तोवर त्या पत्र्याला थोडं तरी संरक्षण होतं. मी ते काढून घेतलं आणि त्याच्या जागी काहीच दिलं नाही. कणगी अर्धी भरली की वरच्या मोकळ्या जागेत किडा होतो, म्हणून आपण एकतर काठोकाठ भरतो किंवा वर राखेचा थर देतो. गाडीवर बसलेली टाकी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर काठोकाठ भरून ठेवायची, म्हणजे दव धरायला आत जागाच उरत नाही. पण सोडवून ठेवलेली टाकी पेट्रोलनं भरून ठेवणं म्हणजे घरात बॉम्ब ठेवणं. तिला तेल पाजायचं. आबांनी तेच सांगितलं होतं, फक्त शास्त्र न सांगता.

आता निस्तरायची पाळी. पेंटरला फोन केला. तो म्हणाला, बरं झालं आधी बघितलं. रंग झाल्यावर आतून साफ करायला घेतलं असतं तर आम्ल बाहेर सांडून नवा रंग उठला असता. आधी आतलं, मग बाहेरचं.

किराणा दुकानातून लिंबूफूल आणलं. एक लिटर कोमट पाण्याला पन्नास ग्रॅम असं माप धरलं. कॉकच्या भोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आवळून बसवला. त्याआधी मोकळी खपली काढायला ओढ्यातले गुळगुळीत खडे आत टाकून टाकी घुसळायची होती. मी मूठभर उचलून टाकायला लागलो तर आबा म्हणाले, "मोजून टाक." मोजले. चाळीस. अर्धा तास घुसळून बाहेर काढले तर एकोणचाळीस. त्या एका खड्यासाठी अख्खी दुपार गेली. खोगिराच्या वरच्या कपारीत अडकला होता. न मोजता टाकले असते तर तो तसाच राहिला असता आणि पहिल्या खड्ड्यात टाकीनं टाळ वाजवला असता.

लिंबूफुलाचं पाणी रात्रभर आणि दुसरा दिवसभर ठेवलं, मधून मधून बाजू बदलून. या वेळी वरचं झाकण घट्ट लावू नका. आम्ल लोखंडावर काम करताना हायड्रोजन सुटतो, त्याला वाट पाहिजे, आणि तोही जळणारा वायू, म्हणून हे काम उघड्यावरच. दुसऱ्या संध्याकाळी ओतलं तर चहासारखं पाणी निघालं आणि आतून पत्रा करडा दिसायला लागला. मग खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी दोन वेळा. इथं थांबायचं नाही. उघडा झालेला ओला पत्रा तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा पडायला लागतो. मी भात वारवायचा पंखा लावला आणि तोंड त्याच्यापुढं धरून बसलो.

वाळली म्हणून बघायला पुन्हा थोडं पाणी घातलं, तर उजव्या पोटाखाली एक थेंब. पुसला. पुन्हा थेंब. गंज निघून गेला तसं त्यानं खाल्लेलं भोक उघडं पडलं होतं. जागा नेमकी तीच, जिथलं पेट्रोल कॉकला कधी येत नाही. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळं बत्तीस वर्षांत जे काही थेंब-थेंब पाणी आत गेलं ते तिथंच तळाशी बसून राहिलं असणार. अडीच महिन्यांच्या गोठ्यानं एवढं भोक पडत नाही. मी फक्त शेवटचा घास दिला.

वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्यानं लांबूनच हात केला, "गाडीची टाकी? आत काय होतं? कितीदा धुतली?" रिकाम्या टाकीला मी गॅसची ज्योत लावत नाही, म्हणाला. मला आधी राग आला, मग माळा आठवला आणि राग गेला. त्यानं स्वतः साबणाच्या गरम पाण्यानं तीनदा धुतली. मग भोक वर येईल अशी टाकी आडवी धरून भोकाच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरलं, म्हणजे आत वाफ साठायला पोकळी राहत नाही, आणि पितळेचा डाख मारून दिला. हे घरी करून बघायचं काम नाही. वाफेनं टाकी उडून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, ती सगळी टाकी रिकामी आहे म्हणणारीच असतात.

डाख लागल्यावर पुन्हा धुऊन वाळवली आणि टू-टी ऑइल आत ओतलं, पाव लिटर. टाकी सगळीकडून कलती करून प्रत्येक कोपऱ्याला फिरवलं, जास्तीचं ओतून घेतलं. टू-टी अशासाठी, की ते पेट्रोलमध्ये विरघळतं, पुढं भरताना एकदा थोड्या पेट्रोलनं खंगाळलं की निघून जातं. जळकं ऑइल फाळाला ठीक, टाकीत नको, त्यातला काळा गाळ कार्बोरेटरला जातो. कॉकच्या भोकाला लाकडी खुंटी, वर झाकणाच्या बारीक भोकाला मेणाचा ठिपका. बाहेरच्या अंगाला तेलाचा हात लागू द्यायचा नाही, त्यावर रंग धरत नाही, फाटतो. लागला तर थिनरनं पुसायचा.

कॅनमध्ये काढलेल्या पेट्रोलचं सांगायचं राहिलं. ते अडीच लिटर मी पडवीत पाण्याच्या जुन्या पांढऱ्या कॅनमध्ये ठेवलं होतं, बूच सैल. फेब्रुवारीत बांधावरचं गवत काढायला ब्रश कटर घेतला, ते पेट्रोल ऑइल मिसळून घातलं. दोरी ओढून खांदा उतरला, मशीन चालू होईना. कॅन उन्हाकडं धरला तर तळाशी बोटभर वेगळा थर, वरचं आणि खालचं असं स्पष्ट दिसणारं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये पाचातला एक भाग इथेनॉल असतं. २०३० चं ठरलेलं हे प्रमाण २०२५ लाच आणलं. इथेनॉल पाण्याचं दोस्त, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की पेट्रोलला सोडून त्या पाण्याला घेऊन तळाला बसतं. मशीनची नळी तळालाच असते. त्या इथेनॉलसाठी खालच्या अंगाच्या ऊसवाल्या भावांना दोन पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आबांच्या वेळचं पेट्रोल वर्षभर ठेवलं तरी चालायचं, हे नाही चालत. आता कटर ठेवताना मी टाकी रिकामी करतो आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटर पण कोरडा होतो. खराब झालेलं पेट्रोल ओढ्यात ओतू नका. मी गॅरेजवाल्याला दिलं, तो पार्ट धुवायला वापरतो.

टाकीच्या डाव्या अंगाला एक पोचा आहे. किटली घसरून पडलेला, मी दुसरीत असतानाचा. मला तो दिवस आठवतो, दूध सगळं रस्त्यावर गेलेलं आणि आबा काही न बोलता किटली उचलत होते. पेंटरला मी म्हटलं, हा पोचा राहू दे, लांबी भरू नको. जुनी आठवण आहे. तो माझ्याकडं बघतच राहिला. शेजारी आबा होते.

"भर रं तो," आबा पेंटरला म्हणाले. "बत्तीस वर्सं बघतोय मी त्याच्याकडं."

भरला.

गेल्या आठवड्यात टाकीवर प्रायमर झालाय. त्याच्या शेडमध्ये लग्नसराईच्या गाड्यांची गर्दी आहे, म्हणून टाकी परत घरी आणली, पाडव्याच्या आधी शेवटचा हात मारतो म्हणालाय. आता ती ओटीवर वाशाला टांगलीय, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, चुलीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. आई रोज संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी एकदा तिच्याखाली जाऊन वास घेऊन येते. सांगितलं तिला, आत आता पेट्रोल नाही, नुसतं ऑइल आहे. ती म्हणते, तू मागं पण नाही म्हणाला होतास.